दोनदा चाखलेले पोहे

बूढापारा, रायपूर
३ मार्च २००२

ताई,

नमस्काराची सगळी वाक्यं बाबांच्या पत्रात असतात, त्यातली अर्धी माझी समज. फोन करत नाही, कारण तुझ्याकडे फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये तुझ्या सासूबाई आहेत.

बाबांनी लपवलं असेल, मीच सांगतो. कॉलेज सोडलं. डिसेंबरात अकाउंट्सच्या पेपरला मागच्या पोट्ट्याची चिठ्ठी सरांनी माझ्या बाकाखालून उचलली आणि सगळ्या हॉलसमोर म्हणाले, "नकल के लिए भी अकल लगती है, भाऊ." मी उत्तरपत्रिकेचे चार तुकडे केले, त्यांच्या टेबलावर नीट रचून ठेवले आणि बाहेर आलो. माफीनामा लिहून दे म्हणून बाबा मागे लागले होते. जे केलंच नाही त्याची माफी काहून मागू? तेव्हापासून बाबा माझ्याशी भिंतीमार्फत बोलतात. "कोणाला जेवायचं असेल तर भात झाकून ठेवला आहे," असं भिंतीला सांगतात आणि झोपायला जातात.

आता दुसरी बातमी. मी दुकान टाकून राहिलो. कॉफीचं. तलावाकडून आपल्या गल्लीत वळलं की दयाराम साहूचं सायकलचं दुकान होतं ना, ते त्याच्या गुडघ्यांमुळे बंद पडलं. भाडं परवडण्यासारखं आहे, पण एक अट घातली. हवा भरायचा पंप दारातच राहणार. लोक इतकी वर्षं येतात, त्यांनी जायचं कुठं, म्हणतो. तर माझ्या कॉफीच्या दुकानात हवा फुकट मिळेल.

राजधानी झाल्यापासून हे शहर तू नीट पाहिलेलं नाहीस. जुन्या दवाखान्यात मंत्रालय बसलं आहे. भोपाळहून बाबू लोक आलेत, त्यांना घरं सापडत नाहीत. कोणालाही विचार, तो जमिनीबद्दल बोलतो. पण संध्याकाळी चार वाजता दोन माणसांना निवांत बसायला जागा नाही. हे मला नाही सुचलं, अनुश्रीला सुचलं. विमलाकाकूंची अनुश्री, जिच्या तू वेण्या घालायचीस. आता कॉम्प्युटर क्लासला जाते. मराठी सगळी समजते, पण बोलते हिंदीत. तलावाच्या कठड्यावर उकडलेले शिंगाडे खाता खाता म्हणाली, "इस शहर में एक जगह नहीं है जहाँ लड़की घंटा भर बैठ जाए और कोई पूछे नहीं कि किसके साथ आई है." ताई, मी त्याच मिनिटाला ठरवलं.

आणि हो, तुझी मिठाची गोष्ट तिला सांगितली. अकोल्याचे पाहुणे तुला बघायला आले होते, त्यांच्या काकानं तुला दारापर्यंत चालून दाखव म्हटलं आणि मी बारा वर्षांचा, स्वयंपाकघरात उभा राहून ते पाहत होतो. मग पोह्यांच्या पातेल्यात मूठभर मीठ. काकानं पहिला घास तोंडातून परत बशीत काढला आणि सगळी वरात उठून गेली. अशी सुटका कोणत्या भावानं केली असेल? अनुश्री इतकी हसली की शिंगाडा घशात अडकला. मग एक शिंगाडा सोलून तसाच हातात धरून बसली. मग म्हणाली, "सबके घर में ऐसा भाई नहीं होता."

पैसे मागत नाही. तुझ्या जुन्या साड्यांची टेबलक्लॉथं शिवून दे, आणि पोहे कसे करायचे ते नीट लिही. नुसत्या कॉफीवर रायपूरचा माणूस बसत नाही.

तुझा
निरंजन


गोंदिया
११ मार्च २००२

निरू,

आशीर्वाद शेवटी. आधी शिव्या.

आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तुझ्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालून मी तुला वाढवलं, ते काय चार तुकडे करण्यासाठी? तुझ्या भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, "पेपर फाडायच्या ऐवजी चिठ्ठीवालं पोट्टं फाडायचं होतं." तुम्ही दोघं एकाच भट्टीतले.

टेबलक्लॉथं पाठवते. सहा. हिरवं आहे ते माझ्या मंगळागौरीच्या साडीचं आहे, त्यावर कॉफी सांडली तर मी स्वतः येऊन तुला तलावात बुडवीन.

पोहे. जाड घ्यायचे. चाळणीत ठेवून वरून पाणी ओतायचं, बुडवून ठेवायचे नाहीत. बोटानं दाबून पाहायचं. मीठ पोह्यांनाच लावायचं, फोडणीत नाही. आणि चाखल्याशिवाय कोणापुढे ठेवायचे नाहीत. एकदा कढईतून उतरवताना, एकदा वाढताना. दोनदा. पहिल्यांदा जीभ भुकेली असते, ती खोटं बोलते.

ती मिठाची गोष्ट गावभर सांगत फिरू नको. झालं गेलं.

अनुश्रीबद्दल चार ओळी लिहिल्यास, त्यात तिला काय वाटतं ते एकाही ओळीत नाही. विचारलंस का तिला?

बाबांना भिंतीऐवजी तूच उत्तर देत जा. भिंत आधीच ओली आहे आपली.

ताई


बूढापारा, रायपूर
२२ जून २००२

ताई,

उघडलं. नाव "राजधानी कॉफी". हसू नको. इथं आता राजधानी टायर आहे, राजधानी टेलर्स आहे, राजधानी केशकर्तनालय आहे. मी वेगळं नाव ठेवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, भैया, बाहर से आए हो क्या?

टेबलं म्हणजे भंगारवाल्याकडचे दरवाजे. विटांवर ठेवले आणि तुझ्या साड्या पसरल्या. एका दरवाज्याची कडी तशीच आहे, पोरं बसल्या बसल्या ती वाजवत राहतात. कप गोलबाजारातल्या बर्तनवाल्याकडून आणले, सेटमधून उरलेले. एकाची बशी दुसऱ्याला लागत नाही. सगळ्या दुकानात फक्त एक कप असा आहे ज्याची बशी त्याचीच आहे. तो कोणाचा ते तुला सांगायला नको.

मशीन बीरगांवच्या टेंटवाल्याकडून घेतलं, लग्नात कॉफी देतात ते, वाफेचं. त्यातून वाफ सोडली की असा आवाज येतो जसा कोणाचा गळा दाबला. पहिल्या दिवशी मंत्रालयातले एक वर्मा बाबू आले. मशीन ओरडलं, ते उभे राहिले आणि कॉफी माझ्या शर्टवर. म्हणाले, "भाई, कॉफी बना रहे हो कि इंजन चला रहे हो?" पण दुसऱ्या दिवशी ते आणखी दोघांना घेऊन आले, फक्त आवाज ऐकवायला.

पोहे चालून राहिले. दोनदा चाखतो.

बाबा रोज कचेरीतून येताना पंपाशी थांबतात. सायकलमध्ये हवा भरतात, आत न बघता निघून जातात. त्या सायकलच्या टायरात किती हवा झाली असेल देवाला माहीत.

अनुश्री चार वाजता येते. पंपाजवळच्या टेबलावर बसते, एक कॉफी, कधी कधी पोहे. मेनूच्या पाटीवरचे माझे भाव खोडून वाढवते. म्हणते, "तू दुकान चला रहा है या लंगर?" मे महिन्यात दुर्गचे लोक तिला बघून गेले होते. नकार आला. तिसरा. मी त्या दिवशी सगळ्यांना फुकट कॉफी दिली, कारण काय ते कोणालाच सांगितलं नाही. पण विमलाकाकू आता पाऱ्यातल्या गल्ल्यांतून खाली मान घालून चालतात. पाहुणे घरी आले, पोहे खाल्ले आणि परत गेले, की समोरच्या चार खिडक्यांना हिशेब कळतो.

विचारलंस का म्हणून लिहिलं होतंस. विचारीन. आत्ता काय सांगू तिला, की विटांवरच्या दरवाज्याचा मालक आहे? दिवाळीपर्यंत नवा काउंटर होतो, वर सनमायका. मग.

निरंजन


गोंदिया
४ जुलै २००२

निरू,

सनमायका लागेपर्यंत मुली थांबत नाहीत. त्या स्वतःच्या मर्जीनं जात नाहीत, पण त्यांना नेलं जातं.

जी मुलगी तुझे भाव वाढवते तिला तुझ्या दुकानाचं काहीतरी पडलेलं आहे. विचार. वाक्य सुचत नसेल तर मी देते. "अनुश्री, तुझ्या घरी मी विचारायला येऊ का?" एवढंच. त्यात सनमायका कुठंही नाही.

ताई


बूढापारा, रायपूर
१२ ऑक्टोबर २००२

ताई,

तुला आधी कळवल्याशिवाय राहवत नाही. मला विचारावंच लागलं नाही.

आज ती आली, कॉफी घेतली नाही, उभ्या उभ्या म्हणाली, "बीस तारीख, इतवार, सुबह दुकान में और कोई नहीं चाहिए. माँ आएगी. कुछ लोग और." एवढं बोलून गेली. चेहरा असा की जणू रागावली आहे. लाजली असेल.

काकू स्वतः येतात म्हणजे काय ते मला कळत नाही का? मुलाचं घर बघायच्या आधी मुलाचं दुकान बघायचं. हुशार बाई आहे. "कुछ लोग" म्हणजे तिचे मामा असणार, बिलासपूरचे.

भिंतींना चुना मारून राहिलो. एका टेबलाखालची वीट हलते, ती सिमेंटनं बसवली. बाबांना सांगू का? नको, आधी होऊ दे.

हिरवं टेबलक्लॉथ त्यांच्याच टेबलावर टाकीन. शुभ असतं ना.

निरंजन


बूढापारा, रायपूर
१५ ऑक्टोबर २००२, दसरा

ताई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. भाऊजींच्या ओळखीचे गार्ड संध्याकाळच्या गाडीवर आहेत, त्यांच्या हातात देतो. तूही त्यांच्याच हाती उत्तर दे. दिलंच तर.

अनुश्री सोनं द्यायला आली होती. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "इतवार को लड़का आ रहा है. मंत्रालय में है, भोपाल से बदली होकर आया है. माँ को घर में नहीं करना. तीन बार हो गया घर में, पूरा पारा देखता है. तेरे यहाँ किसी को पता नहीं चलेगा."

मी चुना मारलेल्या भिंतीकडे बघत उभा होतो. माझं दुकान. जिथं मुलीनं एक तास बसावं आणि कोणी विचारू नये, म्हणून टाकलेलं.

मी म्हटलं, "मग माझ्याकडे काहून? हॉटेलं मेली का सगळी?"

तर ती म्हणाली, "पोहा तू ही बनाना. अपने हाथ से. किसी और को हाथ मत लगाने देना."

असं कोणी करतं का, ताई? दुसऱ्यासाठी नटून बसायचं आणि माझ्याच हातचं त्याला खायला घालायचं? दारात थोडा वेळ थांबली. मला वाटलं माफी मागेल. मी पाठ फिरवली. ती गेल्यावर तिचा कप भिंतीवर मारला. बशी उरली आहे. आता दुकानातल्या एकाही कपाला स्वतःची बशी नाही.

पण मी बनवीन. हो, स्वतःच्या हातानं. तुझ्या वेळी मूठभर टाकलं होतं, यावेळी दोन मुठी. मंत्रालयवाला पहिल्या घासाला उठला पाहिजे. मग जाऊ दे चौथा नकार, बसू दे माय-लेकी घरी. मला कोणी वाढपी समजू नये.

निरंजन


गोंदिया
१७ ऑक्टोबर २००२

निरू,

गार्डसाहेब प्लॅटफॉर्मवर थांबले आहेत, म्हणून भरभर लिहिते. जे नऊ वर्षं कोणाला सांगितलं नाही ते असं घाईत लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

ते अकोल्याचे पाहुणे. काका वाईट होता, खरं आहे. पण ज्याच्यासाठी आले होते तो देवीदास त्याच्या शेजारीच बसला होता. काकानं मला चालायला सांगितलं तेव्हा तो खाली बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. मग पोहे आले. काकानं घास बशीत काढला, त्याच्या आईनं तोंडाला पदर लावला. देवीदासनं खाल्ले. सगळे. एकही दाणा ठेवला नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी खात राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "थोडं पाणी मिळेल?" आणि हसला.

पाणी आणायला मी आत गेले. परत आले तोवर काका सगळ्यांना उठवून अंगणात गेला होता. ज्या घराला मिठाचा अंदाज नाही त्या घरची मुलगी नको, असं मोठ्यानं बोलत. देवीदास जिन्यावरून एकदा मागे वळला. माझ्या हातात तांब्या होता.

तुझे भाऊजी चांगले आहेत. मी सुखात आहे, हे उगाच लिहीत नाही. पण आपल्या घरात दर दिवाळीला तू ती गोष्ट सांगतोस, सगळे हसतात, मीही हसते. तू बारा वर्षांचा होतास, माझ्यासाठी केलंस, तुझ्यावर राग कधीच नव्हता. आता तू बारा वर्षांचा नाहीस.

अनुश्रीच्या मनात काय आहे ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही. तो मुलगा कसा आहे तेही नाही. तुझ्या रागापायी तिचं काही तोडू नको. पोहे नीट कर. तुझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले कर. मग बाहेर जाऊन वाटेल तेवढं रड.

दोनदा चाखशील. माझी शपथ.

ताई


बूढापारा, रायपूर
२१ ऑक्टोबर २००२

ताई,

तुझं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा डोकं जागेवर ठेवलं. तुला अभिमान वाटावा म्हणून सगळं लिहितो.

तुझं पत्र शनिवारी हाती आलं. वाचून मी पंपाशी जाऊन बसलो. देवीदासचं काय झालं असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. मला त्याचा चेहराही आठवत नाही. मिठाचा डबा तेवढा आठवतो, निळ्या झाकणाचा.

रविवारी सकाळी काकू, अनुश्री, तो आणि त्याचे आईवडील. त्याचं नाव अभिनव. मला वाटलं होतं गाडीतून येईल, तर साध्या स्कूटरवर आईला मागे बसवून आला. आत येताना पंप पाहून म्हणाला, "हे चांगलं आहे, चाकात आणि माणसात दोघांत भरायची सोय." मला हसू आलं, म्हणून आणखी राग आला.

हिरवं टेबलक्लॉथ टाकलं होतं. पोहे केले. उतरवताना चाखले, वाढताना चाखले. ताई, तसे पोहे मी पुन्हा करू शकणार नाही. एकेक दाणा सुटा, लिंबू बेताचं. अभिनवनं एक प्लेट संपवली आणि दुसरी मागितली. त्याची आई म्हणाली, "आमच्या यवतमाळची चव आहे हो." वडिलांनी पातेलं रिकामं झालं का म्हणून वाकून पाहिलं. कोणी कोणाला चालून दाखव म्हटलं नाही.

अनुश्री मान वर करत नव्हती. सगळ्यांनी घेतल्यावर तिनं पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबली. मग दुसरा घेतला, सावकाश, जणू काही शोधून राहिली. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "निरंजन, नमक डाला है?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. एवढ्या लोकांत मला बोल लावते. मी म्हटलं, "टाकलं आहे. दोनदा चाखून पाहिलं."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "हव. बराबर है." आणि चमचा ठेवून दिला. त्यानंतर तिनं एक दाणाही खाल्ला नाही.

तिथल्या तिथे होकार झाला. काकूंनी पिशवीतून नारळ काढला, म्हणजे घेऊनच आल्या होत्या. मला म्हणाल्या, "निरू, बाळा, तुझ्या हाताला यश आहे." अभिनव निघताना हात मिळवून गेला. चांगला आहे. तेच वाईट आहे.

तिची प्लेट मी स्वतः उचलली. इतके चांगले पोहे आणि तसेच पडलेले. शेवटपर्यंत तिला माझ्यात खोटच काढायची होती.

तुझी शपथ पाळली. आता काय करू ते सांग.

निरंजन


गोंदिया
२७ ऑक्टोबर २००२

निरू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. काल रात्री उठून कपाटातून तुझं मार्चचं पत्र काढलं, तेही वाचलं.

एकच विचारते, खरं सांग. माझ्या मिठाची गोष्ट तू अनुश्रीला खरंच सांगितली होतीस का?

ताई


बूढापारा, रायपूर
३ नोव्हेंबर २००२

अनुश्री,

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्या घरी दारावर आंब्याचं तोरण लागलं आहे, ते काल सायकलवरून पाहिलं. पण कोणाला तरी लिहिल्याशिवाय मला आज दुकान उघडता येणार नाही.

ताईनं एक प्रश्न विचारला. वाचला आणि मी हातातलं दुधाचं भांडं खाली ठेवलं, एवढं आठवतं. मशीन ओरडत राहिलं. वर्मा बाबूंनी येऊन बंद केलं.

तू मूठभर मीठ मागितलं होतंस. तलावाच्या कठड्यावर सगळी गोष्ट ऐकली होतीस. तुमच्या घरात मुलीला नाही म्हणता येत नाही, नाही फक्त पाहुणे म्हणतात. तीन वेळा म्हणाले आणि तीन वेळा तू परत माझ्याकडे आलीस. चौथ्यांदा ते म्हणणार नाहीत असं तुला दिसलं असेल, म्हणून तू त्यांना माझ्या दुकानात आणलंस. सगळ्या रायपुरात एकच माणूस होता ज्यानं असं एकदा केलं होतं. त्याला म्हणालीस, पोहे तूच कर, दुसऱ्याला हात लावू देऊ नको. आणखी कसं सांगायचं असतं? दारात थांबली होतीस. मी पाठ फिरवली.

गंमत ऐक. मी घालणारच होतो. दोन मुठी. सगळं ठरलं होतं. रागानं घालणार होतो, तुझ्यासाठी नाही, पण पोह्यांना काय कळतं ते. पहिल्या घासाला सगळे उठले असते आणि मी तुझ्यावर जिंकलो असं समजून तोंड फिरवून उभा राहिलो असतो. मग तू चार वाजता आली असतीस.

मी शहाणा झालो, अनुश्री. नेमका त्याच दिवशी. जन्मभर जिथं गप्प बसायचं तिथं भांडी फोडली, आणि तू माझ्या डोक्यावर भरवसा ठेवलास तेव्हा मी थंड डोक्यानं लिंबू पिळत होतो.

तू विचारलंस, नमक डाला है? मी छाती काढून म्हणालो, दोनदा चाखलं. तुझ्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी आठ महिने तुझ्याकडे बघूनही पाहिलं नव्हतं. मला वाटलं तू नाव ठेवतेस.

आता सांगायला जाऊ का? आज गेलो तर तोरण उतरवावं लागेल. पारा सगळा दारात उभा राहील. काकूंची मान पुन्हा खाली जाईल, आणि अभिनव, ज्याचा यात काही दोष नाही, तो जिन्यावरून मागे वळून बघेल. एकदा एका माणसाला मी तसं पाठवलं आहे. मार्चपासून रोज एक वाक्य विचारायचं होतं. ते विचारलं नाही. सनमायका लागायचा होता.

तुझी बशी ठेवली आहे. तिच्यावर कोणताच कप ठेवत नाही.

निरंजन


बूढापारा, रायपूर
२२ डिसेंबर २००२

ताई,

उत्तराला उशीर झाला. लग्नाचे दिवस, मशीन भाड्यानं मागतात, कधी इकडे कधी तिकडे.

अनुश्रीचं लग्न छान झालं. मशीन माझंच होतं, पण मी गेलो नाही, टेंटवाल्याच्या माणसाकडे दिलं. विमलाकाकूंनी डबा पाठवला होता. सरकारी क्वार्टर मिळालं आहे त्यांना, शंकरनगरच्या बाजूला. दूर नाही, पण इकडे यायचं काही काम पडत नाही.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर "नाही" असं आहे. तिला ती गोष्ट माहीत नव्हती. मार्चच्या पत्रात मी फुशारकी मारली. सांगायला घेतली होती, तेवढ्यात तिला उशीर झाला म्हणून उठली. हसली वगैरे सगळं माझ्या मनाचं, तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं. मिठाचं तिनं सहज विचारलं. तिला आळणी लागलं असेल, घाबरलेल्या माणसाला लागतं. तेव्हा तू रात्री उठून कपाट उघडत बसू नको. तू जे लिहिलंस ते बरोबर लिहिलंस, आणि मी केलं तेही. उगाच डोक्यात काही घेऊ नको, माझी शपथ.

काउंटर झाला. सनमायका लावला नाही, तसाच बरा दिसतो.

आणखी एक. काल बाबा पंपाशी थांबले. सायकल टेकवली, हवा भरली नाही, आत आले. पंपाजवळच्या टेबलावर बसले. मी काही न विचारता पोहे ठेवले. दोन घास खाऊन म्हणाले, आणि ताई, भिंतीला नाही, मला म्हणाले, "निरू, मीठ कमी आहे."

मी वाटी त्यांच्यापुढे सरकवली. हल्ली कमीच घालतो. प्रत्येक टेबलावर मिठाची वाटी ठेवली आहे. ज्याला जेवढं पाहिजे तेवढं त्यानं आपल्या हातानं घ्यावं.

निरंजन